ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत होणार म्हणत्यात, हरकत घालावी का गप बसावं?

दुष्काळी_पट्टा
रामराम मंडळी. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं आमचं गाव, नाव मुद्दाम टाकत न्हाई कारण इथं गावातली निम्मी पोरं हायती आणि उगं वाद नको. तालुक्याचं ठिकाण न्हाई पण बाजारपेठ मोठी, आठवडी बाजाराला आजूबाजूच्या सगळ्या वाड्या येत्यात, कॉलेज हाय, बँका हायत, ट्रॅक्टरची शोरूम हाय, सोनारगल्ली हाय. आता गावात एकच विषय चाललाय की ग्रामपंचायत जाणार आणि नगरपंचायत येणार. मुंबईवरनं प्रारूप अधिसूचना निघाली, तिचा कागद ग्रामपंचायतीच्या बोर्डावर चिकटवलाय आणि त्यात हरकती-सूचना जिल्हाधिकारी कार्यालयात द्या असं लिहिलंय. फ्लेक्स तर कागदाच्या आधीच लागला होता.

गावात सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते कोटीनं निधी येणार, गटारं होणार, घंटागाडी फिरणार, गावाचं शहर होणार. दुसरी म्हणते घरपट्टी तिप्पट होणार, शेतकरी मरणार, ग्रामसभा जाणार. गंमत अशी की पहिल्या पार्टीत सगळे मागच्या निवडणुकीत पडलेले आणि दुसरीत सगळे निवडून आलेले, त्यामुळं कुणाचं खरं मानायचं तेच कळंना. मला राजकारणात पडायचं न्हाई. माझं घर गावठाणात हाय, नमुना आठला अजून आज्याचंच नाव हाय. रस्त्याकडंला दोन एकर रान. आणि आमची एक चुलत भावकी गावापासनं चार किलोमीटरवर वस्तीवर राहते, ते बी म्हणे नगरपंचायतीतच येणार.

ज्यांच्या गावात असं झालंय त्यांनी सांगा खरं काय होतंय. पट्टी किती वाढते, पाण्याचं काय होतं (आमच्याकडं चार दिवसाआड येतंय), आणि रस्त्याकडंच्या रानाला काय धोका हाय का. बायको म्हणते बाकी राहू द्या, आधी पाण्याचं विचारा.

निवृत्त_ग्रामसेवक
नमस्कार. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत नोकरी झाली आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

पहिलं म्हणजे हे दोन वेगळे कायदे आहेत हे लक्षात घ्या. ग्रामपंचायत १९५८ च्या अधिनियमाखाली चालते, नगरपंचायत १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली. नगरपंचायत म्हणजे गावाचं शहरात संक्रमण होत असताना मधली पायरी. त्यासाठी लोकसंख्या साधारण १०,००० ते २५,००० लागते आणि किती लोक शेतीवर नाहीत याची टक्केवारीही बघतात. आकडे अजून २०११ च्या जनगणनेचेच धरतात, म्हणजे तुमच्या गावात आज किती लोक आहेत याला फारसा अर्थ नाही. तालुक्याच्या गावांना मात्र वेगळी वाट मिळाली. साधारण २०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती सरसकट नगरपंचायती करायचं धोरण आलं, त्यात आपल्याकडे मेढा, पाटण, कोरेगाव, खंडाळा, वडूज, दहिवडी झाल्या, सांगलीकडे शिराळा, कडेगाव, कवठेमहांकाळ. मेढ्याची लोकसंख्या किती हे जावळीकरांना विचारा, पण तालुक्याचं ठिकाण म्हणून झाली. लोणंद तालुक्याचं गाव नाही, ती कांद्याच्या बाजारपेठेवर आणि लोकसंख्येवर झाली. तुमची केस लोणंदसारखी दिसते.

दुसरं, प्रारूप म्हणजे अंतिम नव्हे. हरकतीला कमीत कमी ३० दिवस द्यावे लागतात. तारीख कागदावर बघा आणि ती गेली नसेल तर हरकत जरूर घाला. पण हरकत म्हणजे "नगरपंचायत नको" एवढंच लिहायचं असं नाही हे लोकांना माहीत नसतं. हद्दीवरही हरकत घेता येते. अधिसूचनेच्या अनुसूचीत गट नंबर किंवा चतुःसीमा दिलेल्या असतात. तुमच्या भावकीची वस्ती त्यात आहे का हे तलाठ्याकडून नकाशा घेऊन तपासा.

तिसरं, अंतिम अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत त्या दिवसापासून संपते. सरपंच, सदस्य सगळे घरी, त्यांची मुदत शिल्लक असली तरी. मग प्रशासक बसतो, बहुतेक वेळा तहसीलदार. प्रभाग रचना, आरक्षण, मतदार यादी हे होऊन निवडणूक लागायला किती काळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही. झेडपीची मुदत २०२२ ला संपली आणि पुढे किती वर्षं प्रशासक होता ते सगळ्यांनी पाहिलंच आहे.

आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी, पाणी सोडणारे, झाडलोट करणारे, ते आपोआप नगरपंचायतीत जातात असं समजू नका. आकृतीबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, पदं किती मंजूर होतात, शिक्षण किती आहे, नेमणूक कशी झाली होती, सगळं बघतात. यात गरीब माणूस अडकतो. त्यावर गावात कुणीच बोलत नाही कारण ते दोन्ही पार्ट्यांत नाहीत.

पेठेतला_दुकानदार
आमच्याकडं सांगली जिल्ह्यात झाली नगरपंचायत, काही वर्षं झाली. मी माझ्या डोळ्यानं बघितलेलं सांगतो, कागदातलं काकांनी सांगितलंच.

घरपट्टी वाढली. तिप्पट वगैरे काही नाही पण वाढली, आणि मुख्य म्हणजे वसुली कडक झाली. ग्रामपंचायतीत निवडणूक जवळ आली की पट्टीला कुणी हात लावत नव्हतं, निम्मा गाव थकबाकीत, आणि ग्रामसेवक दाखला देताना तेवढा अडवायचा. आता नोटीस येते, नळ तोडायची धमकी येते. शिवाय पट्टीच्या बिलावर आधी नव्हते ते कर छापून यायला लागले. शिक्षण कर, वृक्ष कर, आणि दुकानदाराला रोजगार हमी कर. हसू नका, खरंच आहे. रोजगार हमी खेड्यातल्या लोकांसाठी आणि तिचा कर शहरातल्या बिगरनिवासी इमारतीला. हा शासनाचा कर आहे, नगरपंचायत फक्त गोळा करून देते, पण शिव्या नगरसेवक खातो.

फायदा पण सांगतो नाहीतर म्हणाल रडका आहे. पेठेतला रस्ता काँक्रीटचा झाला, लाइटा एलईडी झाल्या, घंटागाडी रोज येते. बाजार झाला की आधी गुरुवारपर्यंत सगळा सडका भाजीपाला तिथंच पडलेला असायचा, आता दुसऱ्या दिवशी सकाळी उचलतात. व्यापाऱ्याला हे बरं वाटतं. वस्तीवरच्या माणसाला यातलं काय मिळालं विचाराल तर पट्टी मिळाली. घंटागाडी तिकडं जात नाही आणि लाइटीचा खांब अजून यायचाय.

ऑफिसचं म्हणाल तर मुख्याधिकारी एमपीएससी करून आलेला बाहेरचा माणूस असतो. हुशार असतात, ओळखदेख नसते म्हणून काही कामं नियमानं होतात ही जमेची बाजू. पण आमच्याकडं बराच काळ साहेबांकडं दोन गावांचा चार्ज होता. आज इकडं की उद्या तिकडं हे शिपायाला विचारून जायचं.

फक्त_बघतोय
म्हणजे आधी सरपंच भेटत नव्हता आता मुख्याधिकारी भेटणार नाही. प्रगती आहे.

वाळव्याची_लेक
मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, महिला राखीव जागेवरून. तेव्हा लोक माझ्या नवऱ्यालाच मेंबर म्हणायचे तो भाग वेगळा.

मला एक सांगायचंय जे वरच्या कुणीच नीट सांगितलं नाही. नगरपंचायतीत ग्रामसभा नसते. एवढं एकच लक्षात ठेवा, बाकी पट्टी-बिट्टी होत राहते. आज तुमच्या गावात मतदार यादीत नाव असलेला कुणीही माणूस उभा राहून सरपंचाला विचारू शकतो की पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे कुठं गेले. आणि सरपंचाला आणि ग्रामसेवकाला (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलंय) उत्तर द्यावं लागतं, प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, लिहावं लागतं. वर्षाला चार ग्रामसभा सक्तीच्या आहेत आणि त्याच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आमच्यात पहिल्यांदा महिला सभा घेतली तेव्हा अंगणवाडी सेविका, आशाताई आणि मी एवढ्याच, बाकी रजिस्टरला सह्या घरोघर फिरून. पुढच्या वेळी मीच बचत गटाच्या मीटिंगला जोडून ठेवली, त्या दिवशी बायका भरून आल्या आणि विषय निघाला शाळेच्या संडासाला पाणी नसल्याचा. पुरुषांच्या ग्रामसभेत कितीतरी वर्षं तो विषय निघाला नव्हता. तो ठराव झाला आणि काम झालं.

नगरपंचायतीत काय? सर्वसाधारण सभेत नगरसेवक बोलणार, तुम्ही मागं बसून ऐकायचं. २००९ साली नगरपरिषदांच्या कायद्यात पण क्षेत्रसभा म्हणून काहीतरी घातलंय, म्हणजे प्रभागातल्या मतदारांची सभा. आमच्या भागात ती भरलेली मी तरी ऐकली नाही. कुणी बघितली असेल तर सांगा, मी चहा पाजेन.

आपल्या भागाला हे शोभत नाही असं मला वाटतं. पत्री सरकार इथलं, १९४३ पासून गावोगाव न्यायदान मंडळं काढून लोकांनी आपले तंटे आपण सोडवले. पंचायतराजची झेडपी १९६२ ला आली तेव्हा मुख्यमंत्री कराडचे यशवंतराव. ग्रामस्वच्छता अभियान ज्यांनी राज्यभर नेलं ते आर. आर. आबा तासगावचे. आणि आपणच ग्रामसभा सोडून द्यायला फ्लेक्स लावतोय.

कृष्णाकाठचा
ताई राग मानू नका पण ग्रामसभेचं एवढं कौतुक करण्यासारखं काय राहिलंय? आमच्याकडं १५ ऑगस्टची ग्रामसभा म्हणजे झेंडा झाला, पोरांना खाऊ वाटला की देवळासमोर अर्धा तास दोन माणसं एकमेकांच्या बापापर्यंत जातात आणि मग कोरम नाही म्हणून तहकूब. कोरम किती लागतो, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं यातलं जे कमी असेल ते. दहा हजार मतदारांच्या गावात १०० माणसं जमत नाहीत!! आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही, म्हणून काही सरपंच मुद्दाम पहिली सभा पडू देतात आणि दुसरी आपल्या वीस-पंचवीस लोकांत उरकून घेतात. सगळे ठराव एकमताने मंजूर. लाभार्थी यादीत तीच नावं. ही लोकशाही असेल तर नगरसेवक परवडला, निदान त्याचा प्रभाग छोटा असतो, १७ प्रभाग १७ माणसं, नळाला पाणी नाही आलं तर कुणाच्या दारात जायचं हे तरी कळतं.

पाण्याचं विचारलंय म्हणून सांगतो, कराडशेजारचं मलकापूर बघून या. तिथं ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली, आता नगरपरिषद आहे. घराघरात मीटर आणि २४ तास पाणी, जास्त वापरलं तर जास्त दर. दिल्ली-मुंबईची लोकं बघायला यायची. पाणी साठवायला टाक्या, पिंपं, बादल्या ही भानगडच नाही, आणि मीटर असल्यामुळं कुणी नळ चालू ठेवून गाडी धुवत बसत नाही.

निवृत्त_ग्रामसेवक
मलकापूरचं उदाहरण चांगलं आहे, पण पूर्ण सांगा. कोयना-कृष्णा दारात असलेलं गाव आहे ते. माण-खटावला उद्भवच, म्हणजे पाण्याचा स्रोतच, नसेल तर नगरपंचायत होऊन पाणी कुठून आणणार? पाण्याची योजना ही कागदावर नाव बदलल्यानं होत नाही, उद्भव, टाकी, वितरण आणि मीटरची पट्टी भरायची तयारी यानं होते. दुष्काळी_पट्टा, तुमच्याकडे चार दिवसाआड पाणी येतं ते नेमकं कशामुळे? विहिरीला पाणी कमी आहे, टाकी लहान आहे की वीजबिल थकून मोटर बंद राहते? बऱ्याच गावांत तिसरं कारण असतं.

शिवाय चालू योजना असेल तर तिचं काय होणार ते आधी विचारा. जलजीवन मिशन ग्रामीण भागासाठी आहे. काम अर्धवट असताना गाव शहरी झालं तर पुढचा पैसा, देखभाल कुणाची, याचा पत्रव्यवहार चालू राहतो आणि ठेकेदार निवांत असतो.

कोरमबद्दल कृष्णाकाठचा म्हणतात ते दुर्दैवानं खरं आहे. फक्त एक राहिलं, तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, मूळ नोटिशीत होते तेच. कुणी नवा विषय घुसवला असेल तर गटविकास अधिकाऱ्याकडे तक्रार टिकते.

वाळव्याची_लेक
कृष्णाकाठचा दादा, राग कशाला. तुम्ही म्हणता तसं सगळीकडं चालतं. पण कुलूप गंजलंय म्हणून दारच काढून टाकायचं का? कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावनं २०२२ ला ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा गप्पा मारायच्या. टीव्हीवर बातम्या आल्या त्याच्या. असलं काही प्रभागाच्या नगरसेवकानं ठरवून होईल का? पोरांच्या आया ऐकतील का त्याचं? गावानं बसून ठरवलं म्हणून झालं. सुरुवातीला बायकांनाच सिरियलीपायी पटत नव्हतं म्हणे.

आणि पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २६) निधीतला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायचा, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला म्हणजे बंधित, ४० टक्के मोकळा. कोणत्या कामावर किती खर्च झाला ते ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर गावाचं नाव टाकून मोबाईलवर दिसतं. दुष्काळी_पट्टा भाऊ, आजच बघा तुमच्या गावचं. चार दिवसाआड पाणी येतंय आणि बंधित निधी कशावर गेलाय हे बघितलं की अर्धी उत्तरं मिळतील.

पुण्यात_असतो_पण_गावचाच
इथं सगळे हवेतले मुद्दे चाललेत. निधीची खरी गोष्ट अशी आहे की ग्रामपंचायतीला आमदाराकडून २५१५ या ग्रामविकासाच्या निधीतून रस्ते येतात, झेडपीकडून जनसुविधा योजनेतून स्मशानभूमी येते, नगरपंचायतीला नगरोत्थान योजनेतून येतं. दोन्हीकडं पालकमंत्री आणि आमदार तुमच्या बाजूला असतील तर येतं, नाहीतर बसा. फक्त आकडा मोठा होतो, त्यामुळं ठेकेदारही मोठा लागतो आणि तो गावचा नसतो. गावातली जी पोरं आता तीन लाखाची गटारं करून पोट भरतात ती गेली. चांगलं का वाईट तुम्ही ठरवा.

नकाशेवाला_कराड
मी कराडला आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे. रस्त्याकडच्या रानाबद्दल कुणीच बोललं नाही आणि प्रश्नातला सगळ्यात महागडा भाग तोच आहे.

नगरपंचायत झाली की ती नियोजन प्राधिकरण होते, म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्याखाली गावाचा विकास आराखडा, ज्याला सगळे डीपी म्हणतात, तो करावा लागतो. डीपीत रुंद रस्ते, बाग, शाळा, भाजी मंडई, दवाखाना, कचरा डेपो या सगळ्याला जागा दाखवतात. ती जागा कुणाची तरी असतेच. रस्त्याकडचं मोकळं रान आरक्षणाला सोयीचं पडतं. दोन एकरातले वीस गुंठे मंडईत गेले तर तिथं तुम्हाला घर, गोडाऊन काही परवानगी मिळणार नाही, आणि नगरपंचायतीकडे जागा घ्यायला पैसे नसतात, त्यामुळं ते नुसतं पडून राहतं. दहा वर्षांत संपादन केलं नाही तर कलम १२७ खाली नोटीस देता येते आणि त्यानंतरही २४ महिन्यांत काही केलं नाही तर आरक्षण उठतं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी बारा वर्षं. आमच्या ऑफिसात या नोटिसा घेऊन येणारी म्हातारी माणसं बघितली की वाईट वाटतं, बऱ्याच जणांना आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा हरकतीची मुदत होती हेच माहीत नसतं.

दुसरी बाजू अशी की डीपीत तुमचं रान रहिवास झोनमध्ये आलं तर भाव कुठच्या कुठं जातो. म्हणून फ्लेक्स लावणाऱ्यांची रानं कुठल्या बाजूला आहेत ते एकदा बघा. मी काही म्हणत नाही.

आणि तातडीचं काम, आज्याच्या नावचा नमुना आठ. तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, पण वारसनोंद आत्ताच ग्रामपंचायतीत करून घ्या. दप्तर एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात गेलं की जुनी रजिस्टरं कुठल्या पेटीत आहेत हे सांगणारा माणूस रिटायर झालेला असतो. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेतली सनद आली का तेही विचारा.

पेठेतला_दुकानदार
नकाशेवाल्यांना दुजोरा. आमच्या डीपीचा नकाशा ऑफिसात भिंतीवर लावला होता, लोक त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढत होते आणि स्वतःचा गट नंबर शोधत नव्हते.

घरकुलाचं पण सांगायचं राहिलं. ग्रामीणच्या यादीत ज्यांचं नाव होतं आणि हप्ता मिळाला नव्हता त्यांची लय धावपळ झाली. ग्रामीणला मूळ अनुदान १ लाख २० हजार आणि शहरीला अडीच लाख, म्हणून सगळे आधी खूश. पण शहरीला जागेचा स्वच्छ कागद आणि बांधकाम परवानगी लागते, गावठाणात सहा भावांत एक उतारा असणाऱ्यानं ती कुठून आणायची? रोजगार हमीतली सिंचन विहीर, गोठा याचंही तसंच, केंद्राची रोजगार हमी ग्रामीण भागापुरतीच. तुमची भावकी वस्तीवर शेती करते ना, त्यांना हे आधी सांगा.

फक्त_बघतोय
एक शंका. नगरपंचायत झाली की झेडपी आणि पंचायत समितीला मतदान करता येत नाही ना? मग मटणाच्या जेवणावळी पाचातल्या दोन कमी. याचा विचार केलाय का गावानं?

निवृत्त_ग्रामसेवक
बरोबर, झेडपी-पंचायत समितीचा मतदार राहत नाही. जेवणावळीचं मात्र माहीत नाही, नगरसेवकाचं मतदान कमी लोकांत असतं त्यामुळे माणशी खर्च वाढतो असं ऐकून आहे.

दुष्काळी_पट्टा
मंडळी लय उपकार झाले. एवढं गावात कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलेली दोन-तीन कामं केली, त्याचं लिहितो.

ताई, ई-ग्रामस्वराज बघितलं. बंधित निधीतनं गटाराची कामं दिसत्यात, एकाच गल्लीचं गटार दोन वर्षांत दोनदा हाय. गटार एकच हाय, मी रोज ओलांडतो. ते मी स्क्रीनशॉट काढून ठिवलंय आणि पुढच्या ग्रामसभेत विचारणार, ती व्हायच्या आत ग्रामपंचायतच गेली तर कुणाला विचारायचं ते सांगा. पाण्याचं कारण काकांनी वळखलं तसंच, मोटरीचं बिल थकलंय. पाणी सोडणाऱ्या पोराला इचारलं तर म्हणला, "दादा मला पगारच तीन महिने न्हाई, तुमी मोटरीचं काय घेऊन बसलाय."

तलाठ्याकडनं अनुसूची आणि नकाशा बघितला. भावकीची वस्ती आणि पलीकडच्या दोन वाड्या सगळ्या आत घेतल्यात. त्या वाड्या आधीपासनंच म्हणत होत्या आमाला वेगळी ग्रामपंचायत द्या. तर आता माझा विचार असा झालाय की नगरपंचायतीला सरसकट विरोध करायचा न्हाई, पेठेला ती लागणारच आज न्हाई उद्या, बाजाराचा कचरा ग्रामपंचायतीच्या बापाच्यानं उचलवत न्हाई. पण वस्ती आणि वाड्या हद्दीतनं वगळा, त्यांची वेगळी ग्रामपंचायत करा, आणि आत्ता कामावर असलेल्या पाणी-सफाईवाल्यांना सामावून घ्या, अशी हरकत-सूचना लिहायची. दोन्ही पार्ट्या मला शिव्या घालणार हे ठरलेलंच हाय. काल पारावर बोललो तर एक जण म्हणला तू कुणाकडनं पैसं घेतलंस ते सांग.

वाळव्याची_लेक
एकदम बरोबर करताय भाऊ. फक्त एकट्याची हरकत नका देऊ, वाडीतल्या बायकांच्या सह्या घ्या, नाव, गट नंबर, मतदार यादीतला क्रमांक सगळं लिहून. आणि मुदत असेल तर विशेष ग्रामसभेची मागणी करून तिथंच ठराव घ्या, आहे तोवर वापरा ना ती. गटाराचं पण त्याच सभेत विचारता आलं तर बघा.

कृष्णाकाठचा
ताईंचं ऐका, माझं भांडण त्यांच्याशी नाही, झोपलेल्या गावाशी आहे. १०० माणसं आणून दाखवा, मी माझे शब्द परत घेतो.

गटाराची फाईल बघायची असेल तर ग्रामसभेची वाट बघत बसू नका. २०१८ चा शासन निर्णय आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ऑफिसातली कागदपत्रं नागरिकांना बघायला द्यायची. माहिती अधिकाराचा अर्ज न करता. जाताना तो जीआर मोबाईलमध्ये घेऊन जा, कारण टेबलावरचा माणूस म्हणणार असं काही नसतंय. मोजमाप पुस्तिका मागा, एमबी म्हणतात तिला. गटार कुठून कुठपर्यंत आणि किती मीटर मोजलं ते त्यात लिहिलेलं असतं, दोन्ही वर्षांचं शेजारी ठेवा आणि टेप घेऊन गल्लीत जा.

निवृत्त_ग्रामसेवक
ग्रामपंचायत विसर्जित झाली तरी हिशोब विसर्जित होत नाही. दप्तर प्रशासकाच्या ताब्यात जातं, त्यामुळे नंतरही मागता येईल, पण आधी मागितलेलं बरं, नकाशेवाले म्हणाले ते पेटीचं खरं आहे.

हरकत देताना दोन प्रती करा. एक जिल्हाधिकारी कार्यालयात आवक शाखेत देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तहसीलला देऊन "पुढे पाठवतो" यावर विश्वास ठेवू नका, मुदतीनंतर पोचली तर ती गेली. सुनावणीचं पत्र आलं तर वाडीतली पाच-सहा माणसं घेऊन जा, वकील लागत नाही. आणि पाणी सोडणाऱ्या त्या मुलाचा नेमणुकीचा ठराव ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंगला आहे का ते त्याला आजच बघायला सांगा, नसेल तर त्याची नक्कल तरी कशाची काढणार.

दुष्काळी_पट्टा
विचारलं त्याला. ठराव हाय म्हणतोय पण प्रोसिडिंग बुक सरपंचाच्या घरी हाय. सोमवारी दुपारी जातो त्याला घिऊन, तीनला.